लहान ट्रॅक्टरचे दुखणे : लिफ्ट आणि पी.टी.ओ.

ज्येष्ठी पौर्णिमेला आमच्या अथणी भागात कर्नाटकी बेंदूर होतो. लहानपणी त्या दिवशी बैलांची शिंगे रंगवावयाची, त्यांना झुली घालावयाच्या आणि सायंकाळी वेशीपाशी मिरवणूक पाहावयास धावावयाचे, हा आमचा ठरलेला क्रम असे. आज माझ्या थोरल्या चुलतभावांच्या, म्हणजे दादांच्या, गोठ्यात बैलजोडी राहिलेली नाही. बेंदूर मात्र चुकत नाही. वहिनी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात तो चोवीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरला. बॉनेटवर कुंकवाची पाच बोटे उमटतात आणि सायलेन्सरला आंब्याची डहाळी बांधली जाते. पाहुण्यांना याचे हसू येते. पण ज्याच्या जिवावर घर चालते त्याची वर्षातून एकदा आठवण करावी, यात हसण्यासारखे काय आहे?

फरक आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. बैलाचे दुखणे ओळखणारी माणसे पूर्वी गावोगाव होती. कान गार लागले, रवंथ थांबला, नाकपुडी कोरडी पडली, की एवढ्यावरून ती निदान करीत. ट्रॅक्टरदेखील आजारी पडण्यापूर्वी अशीच लक्षणे दाखवितो. परंतु ती वाचण्याची सवय आपल्या घराघरांत अजून रुजलेली नाही. आपण एकदम पाना हातात घेतो, नाही तर एकदम तालुक्याच्या गावी फोन करतो. बेळगावात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाचीही हीच गत होती. ती कशी बदलली, हे सांगण्यासाठी हा लेख.

ती रात्र

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याला मी गावी गेलो होतो. खंडेनवमीला अवजारांची पूजा. म्हणून आदल्या दिवशी दादांनी ट्रॅक्टर धुऊन घेतला, आणि तास भरत आलेच होते म्हणून गिअरपेटीतील तेलही बदलावयास काढले. आमच्या ट्रॅक्टरमध्ये तेच तेल लिफ्टलाही लागते. ओतण्याचे काम माझ्याकडे आले. नरसाळ्याला जाळी नव्हती. मी मोठ्या शहाणपणाने जुन्या धोतराचा एक जीर्ण तुकडा नरसाळ्यावर धरून तेल गाळून ओतले. शेवटी पाहतो तो तुकडा कोठे दिसेना. वाऱ्याने उडाला असेल असे मनाशी म्हणून मी झाकण लावले आणि ही गोष्ट विसरून गेलो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गावी जाणे झाले. द्राक्षबागेची फळछाटणी होऊन महिना उलटला होता. वेली फुलोऱ्यात होत्या, आणि नेमके तेव्हाच आभाळ आले. दोन दिवस झिमझिम पाऊस आणि सकाळी दाट धुके. द्राक्षवाल्यांना यापुढचे सांगावयास नको. पानावर तेलकट डाग दिसू लागतात, पान उलटून पाहिले तर खाली पांढरी बुरशी. शेतकरी त्याला डाऊनी म्हणतात, पुस्तकात केवडा म्हणतात. फुलोऱ्यातील घडावर ती बुरशी चढली, की वर्षाचे पीक चार दिवसांत हातचे जाते. पावसाने उघडीप दिली ती सायंकाळी. फवारणी त्याच रात्री व्हावयास हवी होती.

दादांनी चारशे लिटरच्या टाकीचा ब्लोअर जोडला, टाकी भरली आणि लिफ्टचा दांडा वर केला. लिफ्ट उठली, पण म्हातारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून उठतो तशी. बागेत शिरून पी.टी.ओ. चालू केला तर पंखा फिरू लागला. पण भार येताच त्याचा आवाज खाली बसला आणि औषधाचे धुके पडण्याऐवजी थेंब गळू लागले. इंजिनाचा वेग वाढविला, की ट्रॅक्टरच्या पोटातून बारीक, किंचाळल्यासारखा आवाज येई. दादांचा चेहरा उतरला. "पंप गेला," ते म्हणाले. "आता खोलावा लागणार." पंप खोलणे म्हणजे किमान तीन दिवस, आणि तीन दिवसांनी फवारणी करून उपयोग काय?

शेजारच्या गावचे मिस्त्री मोटारसायकलवरून आले तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. घरी कानडी, आमच्याशी मराठी आणि ट्रॅक्टरशी बहुधा दोन्ही बोलणारे हे गृहस्थ. त्यांनी पाना काढलाच नाही. बांधावर बसून त्यांनी तीन प्रश्न विचारले.

"दादा, लिफ्ट आणि पी.टी.ओ. दोन्ही एकदम बिघडले, की एकामागून एक?"

"एकदमच."

"भार नसताना कसे चालतात?"

"बरे चालतात."

"आणि बिघडण्याआधी शेवटचा हात कोणाचा लागला होता, कशाला?"

मी गप्प राहिलो. मग तेलाची हकीकत सांगितली, आणि सांगता सांगता मला तो धोतराचा तुकडा आठवला.

मिस्त्री हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खाली घमेले ठेवून त्यांनी पंपाकडे जाणाऱ्या वाटेवरची तेलाची जाळी काढली. गिअरच्या दात्यांनी धोतराचे सूत सूत करून टाकले होते आणि ते सारे सूत त्या बारीक जाळीवर नमद्यासारखे बसले होते. पंप शाबूत होता. त्याला पिण्यास तेलच मिळत नव्हते. सगळे तेल काढले, पेटी दोनदा धुतली, जाळी स्वच्छ केली, नवे तेल भरले. साडेदहाला लिफ्ट पूर्वीसारखी झटकन उठली.

पोटात काय असते?

मिस्त्रींचे ते तीन प्रश्न म्हणजे निदानाची सारी विद्याच होय. ती समजावयाची तर यंत्राची रचना थोडी ठाऊक हवी.

ट्रॅक्टरच्या मागे अवजार टांगण्याची जी तीन टोकांची जोडणी आज सर्वत्र दिसते, तिचे श्रेय मुख्यतः हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) या आयरिश यंत्रज्ञाकडे जाते. त्यापूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. तो दगडाला अडला, की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटण्याचे भय असे. फर्ग्युसनने १९२६ साली आपल्या पद्धतीचे ब्रिटिश पेटंट मिळविले, १९३६ साली ती बाजारातील ट्रॅक्टरवर आली आणि १९३९ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून निघालेल्या ट्रॅक्टरांबरोबर दूरवर पसरली. १९५३ साली त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. खेड्यापाड्यांतील लोकांच्या तोंडी असलेल्या 'मॅसी' या नावामागे हा इतिहास आहे.

उचलण्याचे काम तेल करते. इंजिनावर फिरणारा लहानसा गिअर पंप पेटीतील तेल जाळीतून ओढतो आणि दाबाने झडपेकडे, म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्हकडे, पाठवितो. आपण दांडा वर केला, की झडप ते तेल सिलिंडरमध्ये सोडते. दट्ट्या सरकतो, वरचा आडवा शाफ्ट फिरतो आणि बाहू वर उठतात. पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. मागच्या टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक-दीड किलो असतो. लिफ्टच्या तेलाचा दाब दीडशे किलोच्या आसपास जातो. पंचाहत्तर मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे त्यावर ६,६०० किलोंचा रेटा पडतो. मधल्या तरफांमुळे अवजाराच्या टोकाशी तो पुष्कळ कमी उरतो, आणि लहान ट्रॅक्टरची उचल साडेसातशे किलोंच्या घरात येते. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो. प्रेशर कुकरच्या शिट्टीचे काम तो करतो.

पी.टी.ओ., म्हणजे पॉवर टेक-ऑफ, हा ट्रॅक्टरच्या पाठीमागे बाहेर आलेला खाचांचा आखूड दांडा. इंजिनाची शक्ती त्यातून रोटाव्हेटर, ब्लोअर, मळणीयंत्र यांना मिळते. अमेरिकेत १९१८ च्या सुमारास तो विक्रीच्या ट्रॅक्टरवर प्रथम आला. सहा खाचांचा, सुमारे ३५ मिलिमीटर जाडीचा आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांचा दांडा हे त्याचे आज सर्वत्र रूढ असलेले प्रमाण होय. काही ट्रॅक्टरांत तो साध्या क्लचने जोडला जातो. काहींत, आमच्यासारख्यांत, त्याच्या क्लचच्या तबकड्या तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. मिस्त्रींच्या पहिल्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. लिफ्ट आणि असा पी.टी.ओ. दोघेही एकाच आडाचे पाणी पितात. दोघे एकदम अशक्त झाले, तर दोष आडात, म्हणजे तेल, जाळी किंवा पंप यांत, शोधावा. एकच बिघडला असेल, तर दोष त्याच्या स्वतःच्या वाटेवर असतो.

लिफ्टची लक्षणे

निदानाचा क्रम नेहमी स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत असावा. लिफ्ट मुळीच उठत नसेल, तर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून प्रथम तेलाची पातळी पाहावी. उतारावर पाहिलेली पातळी खोटे बोलते. मग बैठकीच्या खाली पुढे असणारी, उतरण्याचा वेग ठरविणारी गोल चावी पाहावी. रस्त्याने जाताना अवजार खाली येऊ नये म्हणून ती कोणी पूर्ण आवळून ठेवतो आणि पुढे विसरतो. लिफ्ट खाली येत नाही, अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा या चावीत सापडते.

दांडे दोन असतात, हेही ध्यानात ठेवावे. एक अवजार ठराविक उंचीवर धरून ठेवतो; दुसरा नांगराला लागणाऱ्या ओढीप्रमाणे खोली कमीजास्त करतो. रोटाव्हेटर किंवा ब्लोअर लावून दुसरा दांडा भलत्याच जागी ठेवला, तर अवजार आपोआप खालीवर होऊ लागते आणि निरोगी लिफ्टवर आजाराचा आळ येतो.

लिफ्ट रिकामी उठते पण भाराने उठत नाही, तेव्हा आधी भारच मर्यादेत आहे ना, हे पाहावे. तो मर्यादेत असेल, तर जाळी तुंबलेली, पंप झिजलेला किंवा रिलीफ व्हॉल्व्ह सैल, या तिघांपैकी एक असतो. पंपाचा आवाज येथे साक्ष देतो. वेग वाढविताच बारीक किंचाळी ऐकू आली, तर पंप उपाशी आहे. जाळी पाहावी, आणि ओढणाऱ्या नळीच्या सांध्यातून हवा शिरते आहे का तेही पाहावे. आवाज साधा असून जोर नसेल, तर दाब मोजण्याचे घड्याळ लावून मिस्त्रींकडून तपासणी करून घ्यावी. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू स्वतः आवळून जोर वाढविण्याचा मोह कोणी धरू नये. कुकरची शिट्टी बांधून डाळ लवकर शिजविण्यासारखाच तो उद्योग आहे.

अवजार उठते, पण धरून राहत नाही, हे वेगळे दुखणे. इंजिन चालू असताना अवजार दर काही क्षणांनी थोडे खाली येते आणि पुन्हा वर उचलले जाते, जणू डुलक्या घेत आहे. किंवा इंजिन बंद केल्यावर भराभर जमिनीकडे येते. येथे पंपाचा दोष नसतो. पंपाने तेल दिलेले आहे, ते कोठून तरी निसटते आहे. दट्ट्यावरील रबरी कडे झिजलेले असते, अथवा झडप नीट बसत नसते. अवजार वर ठेवून इंजिन बंद करावे, बाजूला उभे राहून ते किती वेळात किती खाली येते ते पाहावे आणि तो आकडा मिस्त्रींना सांगावा. त्यांचे अर्धे काम होते. मात्र वर उचललेल्या अवजाराखाली हात, पाय किंवा डोके कधीही घालू नये. खाली काम करणे भागच असेल, तर अवजार मजबूत लाकडी ठोकळ्यांवर टेकवावे. तेलाचा भरवसा धरू नये.

लिफ्ट पूर्ण वर गेल्यावर पंप कुंथल्यासारखा सतत ओरडत राहिला, तर दांड्याची जोडणी बिघडली आहे असे समजावे. वरच्या टोकाला पोहोचताच तेलाचा पुरवठा थांबावयास हवा. तो थांबत नाही, म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल गरम होते. तेवढ्यापुरता दांडा किंचित खाली घ्यावा आणि पुढे जोडणी नीट करून घ्यावी.

तेलाचा रंग ही यंत्राची नाडी होय. स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडे तेल काढून रात्रभर ठेवावे. सकाळपर्यंत फेस विरून तेल निवळ झाले, तर आत हवा शिरत होती. दुधाळपणा तसाच राहिला किंवा तळाशी पाणी साचले, तर आत पाणी गेले आहे. पावसात उघडा राहिलेला ट्रॅक्टर, जोराच्या फवाऱ्याने धुताना श्वासनळीच्या टोपीवर मारलेले पाणी, खाचरातील चिखलणी, ही त्याची नेहमीची कारणे. असे तेल ताबडतोब बदलावे. तेल पुस्तिकेत सांगितले असेल त्याच जातीचे असावे. पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक याच तेलात बुडालेले असतात. त्यामुळे इंजिनाचे उरलेले तेल ओतून भागविण्याचा काटकसरीपणा लिफ्टबरोबर ब्रेकांनाही भोवतो.

एक सूचना जिवाची आहे. नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, की तेथून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही. पण तिचा दाब कातडीतून आत घुसण्याइतका असतो. गळती बोटाने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावी. अशी धार कोणाला लागलीच, तर वर दिसणारी जखम टाचणी टोचल्याइतकी क्षुल्लक असली तरी तासाभराचाही विलंब न करता मोठ्या रुग्णालयात जावे आणि दाबाखालचे तेल आत गेले आहे असे स्पष्ट शब्दांत सांगावे. उद्या पाहू म्हणणाऱ्याला हात गमवावा लागू शकतो.

पी.टी.ओ.ची लक्षणे

पी.टी.ओ. फिरतच नसेल, तर आधी दांडा पूर्ण बसला आहे का, क्लच पूर्ण दाबून घातला होता का, हे पाहावे. विजेच्या बटणाने चालणारा असेल, तर फ्यूज आणि तारा पाहाव्यात. उंदराने कुरतडलेली तार हे आपल्याकडचे काही दुर्मीळ कारण नव्हे. पी.टी.ओ. चालू अवस्थेत असेल तर काही ट्रॅक्टरांचे इंजिन सुरूच होत नाही. हा बिघाड नसून चालकाच्या रक्षणाची योजना आहे. तारा जोडून ती निकामी करू नये.

दांडा फिरतो, पण अवजार फिरत नाही, अशा वेळी दोष अवजाराच्या बाजूला असतो. रोटाव्हेटरला दगड लागला, की एक ठरलेला बोल्ट मुद्दाम तुटतो आणि गिअरपेटी वाचते. घरातील फ्यूजचे जे काम तेच त्याचे. त्या जागी हाताशी असलेला कठीण पोलादी बोल्ट ठोकला, की पुढच्या दगडाला बोल्ट राहतो आणि गिअरपेटी जाते.

भार येताच वेग पडतो आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतो आहे. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर पायट्या अर्धा दाबला, की चाके थांबतात आणि पूर्ण दाबला, की पी.टी.ओ. थांबतो. पायट्यावर सतत पाय टेकून बसण्याची सवय हा त्या क्लचचा सर्वांत मोठा शत्रू. पायट्याची मोकळी हालचाल पुस्तिकेत दिली आहे तेवढी ठेवली आणि पाय खाली ठेवला, की पुष्कळ खर्च वाचतो. याउलट दांडा बंद करूनही शाफ्ट फिरत राहिला, तर क्लच पूर्ण सुटत नाही. हा दोष अधिक धोक्याचा, कारण बंद आहे असे समजून माणूस जवळ जातो.

शाफ्ट थरथरत असेल, तर त्याच्या जोडणीकडे पाहावे. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असावे लागतात. शाफ्ट काढून पुन्हा बसविताना एक खाच चुकली, की प्रत्येक फेरीला हिसका बसतो. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश शिरलेल्या असाव्यात. पण अवजार खालीवर करताना त्या आतून एकमेकींवर आपटता कामा नयेत. फार लांब शाफ्ट ट्रॅक्टरच्या मागच्या बेअरिंगवर ठोसे मारतो आणि तेथून तेल गळू लागते. बांधाशी वळताना रोटाव्हेटर चालू ठेवून उंच उचलला, की सांध्याचा कोन वाढून खडखड ऐकू येते. त्या आवाजाची सवय करून घेऊ नये, आधी पी.टी.ओ. बंद, मग उचल, मग वळण, हा क्रम अंगवळणी पाडावा.

काही लहान ट्रॅक्टरांना पी.टी.ओ.चे दोन-तीन वेग असतात. ५४० फेऱ्यांसाठी बनविलेले अवजार अधिक वेगावर चालविणे म्हणजे ते मोडण्याची तयारी करणे होय.

पदराचे गणित

आता त्या रात्रीचा उरलेला भाग सांगतो. लिफ्ट उठली, दादा धावतच बैठकीवर चढले. परंतु किल्ली जागेवर नव्हती; ती मिस्त्रींच्या खिशात होती.

"शाफ्टचे कव्हर कुठे आहे?" त्यांनी विचारले.

प्लॅस्टिकचे ते आवरण वंगण घालावयास काढलेले, उन्हाळ्यापासून गोठ्यात खुंटीला टांगलेले होते. दादा काकुळतीला आले. "मिस्त्री, आजची रात्र जाऊ द्या. उद्या लावतो. एकेक घटका मोलाची आहे."

"ते आल्याशिवाय किल्ली मिळणार नाही," एवढेच बोलून मिस्त्री पुन्हा बांधावर बसले.

वहिनी कंदिलासारखा मोठा टॉर्च घेऊन ट्रॅक्टरच्या मागेच उभ्या होत्या. टाकीतील औषध संपत आले, की दुसरे पाणी मिसळावयाचे काम त्यांचे. रात्रभर त्या शाफ्टपासून हातभर अंतरावर उभ्या राहणार होत्या, आणि ओला वारा सुटला होता. कोणी काही न सांगता त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला आणि गोठ्याकडे गेल्या. आवरण आणले, मिस्त्रींनी ते बसविले, त्याची साखळी अडकविली. यात वीस मिनिटे गेली.

घरी आल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. पस्तीस मिलिमीटर जाड दांड्याचा घेर सुमारे अकरा सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला मीटरभर कापड तो गुंडाळतो. सांध्यापाशी जाडी दुपटीहून अधिक असते. तेथे सेकंदाला दोन मीटर. "अहो" म्हणून हाक मारावयास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सगळा पदर संपतो. त्यापुढे काय ओढले जाते, हे लिहिण्याची आवश्यकता नाही. धोतराचा सोगा, ओढणी, मफलर, सैल बाही, सुटे केस, सर्वांना हेच गणित लागू आहे. तीस वर्षे मी मुलांना फेऱ्यांची आणि परिघाची उदाहरणे घातली. पण त्या उदाहरणात आपल्या घरातील माणूस उभे असू शकते, हे मला त्या रात्रीपूर्वी सुचले नव्हते.

फवारणी पहाटे चारला संपली. सगळी बाग वाचली असे मी म्हणणार नाही. ओढ्याकडच्या अर्ध्या एकरात बुरशी आधीच घडांवर चढली होती; ते घड काढून टाकावे लागले. बाकीच्या अडीच एकरांनी त्या वर्षीचा कर्जाचा हप्ता फेडला. माझ्या शहाणपणाची किंमत अर्धा एकर द्राक्षे आणि एक पिंपभर तेल अशी झाली. दादांनी त्याबद्दल मला एका शब्दाने कधी दुखविले नाही.

दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी अजूनही जातो. नरसाळ्याला आता तारेची जाळी आहे आणि पुसावयास धागे न सुटणारे कापड आहे. पूजेच्या वेळी वहिनी बॉनेटबरोबर शाफ्टच्या आवरणालाही कुंकू लावतात. आणि झाकण बंद करण्यापूर्वी दादा मला न चुकता विचारतात, "चिंध्या मोजल्यास का रे?"

मी मोजतो. जितक्या आणलेल्या, तितक्या परत मिळाल्या, की मगच झाकण लावतो.